चिल्काला निघण्याआधी: नौदलाच्या पहिल्या सोळा आठवड्यांत काय काय होतं

सातारा-सांगलीकडच्या भरतीच्या पोरांना पळायचं कसं, हे सांगावं लागत नाही. पहाटे उठून यवतेश्वरच्या घाटात पळणारी, अजिंक्यतारा चढून उतरणारी, उसाच्या रानातल्या कच्च्या रस्त्यावर १६०० मीटरचं टायमिंग लावणारी पोरं-पोरी गावोगाव आहेत. नौदलाच्या भरतीत मुलांना १.६ किलोमीटर साडेसहा मिनिटांत आणि मुलींना आठ मिनिटांत पळायचं असतं. पोलीस किंवा लष्कर भरतीची तयारी केलेल्याला हे जड जात नाही. त्यामुळे निवड झाली की घरात पेढे वाटले जातात आणि पोरगं तेच पळणं आणखी वाढवतं. ओडिशातल्या प्रशिक्षण केंद्रावर मात्र पळण्यात कच्चं असल्यामुळे अडकणारे थोडे असतात. पोरं अडकतात ती पाण्यात, पायाच्या दुखण्यात, दमट उन्हात आणि वेळेच्या बाबतीत. या चार गोष्टींची तयारी गावात बसून करता येते, म्हणून हा लेख.

आधी जागा समजून घ्या. नौदलाचे अग्निवीर, बारावीवरचे एसएसआर असोत की दहावीवरचे एमआर, मूलभूत प्रशिक्षणासाठी आयएनएस चिल्का इथे जातात. ओडिशाच्या खोर्धा जिल्ह्यात, चिल्का सरोवराच्या काठावर, भुवनेश्वरपासून सुमारे १०० किलोमीटरवर हे केंद्र आहे. १९८० पासून ते चालू आहे. प्रशिक्षणाचा काळ साधारण सोळा आठवड्यांचा. अग्निवीरांची पहिली तुकडी २८ मार्च २०२३ ला इथून बाहेर पडली. सुमारे २,६०० जणांच्या त्या तुकडीत अडीचशेहून जास्त मुली होत्या. त्या वेळचं दीक्षान्त संचलन सूर्यास्तानंतर, दिव्यांच्या उजेडात झालं होतं.

नावात ‘आयएनएस’ (इंडियन नेव्हल शिप) आहे म्हणून घरच्यांना वाटतं, पोरगं जहाजावर चाललंय. चिल्का जमिनीवरच आहे. पण नौदल आपल्या किनाऱ्यावरच्या तळालाही जहाजासारखंच नाव देतं आणि तिथली बोलीही जहाजाचीच असते. जमिनीला ‘डेक’ म्हणायचं, स्वयंपाकघराला ‘गॅली’, संडास-बाथरूमला ‘हेड्स’. सुट्टीत बाहेर जाणं म्हणजे ‘लिबर्टी’. डावीकडे ‘पोर्ट’, उजवीकडे ‘स्टारबोर्ड’, पुढचा भाग ‘बो’, मागचा ‘स्टर्न’. पोर्टचा दिवा लाल आणि स्टारबोर्डचा हिरवा. हे शब्द पहिल्याच दिवसापासून कानावर येतात आणि समजले नाहीत की हुकूमही समजत नाही. जायच्या आधी वहीच्या एका पानावर लिहून पाठ केले तर पहिला आठवडा निम्मा हलका होतो.

कागद आणि शरीर, दोन्ही पुन्हा तपासलं जातं

निवड यादीत नाव आलं म्हणजे काम झालं, अशी समजूत घातक आहे. चिल्काला पोचल्यावर मूळ कागदपत्रं पुन्हा बघतात आणि अंतिम वैद्यकीय तपासणीही तिथेच होते. त्यात अपात्र ठरलं तर नावनोंदणीच होत नाही.

कागदांत आपल्याकडची नेहमीची अडचण नावाच्या क्रमाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं आणि वडिलांचं नाव. आधारवर स्वतःचं नाव आधी आणि आडनाव शेवटी. डोमिसाइलवर तिसरंच काहीतरी, आणि आईचं नाव एका ठिकाणी ‘सुनिता’ तर दुसरीकडे ‘सुनीता’. अर्ज भरताना दहावीचं प्रमाणपत्र हाच आधार मानायचा: नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, सगळं त्यावर असेल तसंच, अक्षर न अक्षर. आधार आणि पॅन त्याला जुळवून घ्या. दुरुस्तीला आठवडे जातात, त्यामुळे निकालाची वाट बघत बसू नका, अर्ज भरायच्या आधीच हे काम उरका. पोलीस पडताळणीचा दाखला वेळेत मिळायलाही ठाण्यात दोन-तीन फेऱ्या होतात. बोलावणं येताना सोबत येणाऱ्या यादीतला प्रत्येक कागद मूळ स्वरूपात आणि प्रतींसह वेगळ्या फायलीत ठेवा. ती फाइल सीटखालच्या बॅगेत टाकू नका, अंगाजवळच्या पिशवीत ठेवा.

शरीराच्या तपासणीत कानाकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. विहिरीत सूर मारणाऱ्या पोरांच्या कानात पाणी जातं, मळ फुगतो, कधी पडद्याला भोकही पडलेलं असतं आणि दुखत नाही म्हणून कळत नाही. महिनाभर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. मळ त्यांच्याकडूनच काढून घ्या, काडी किंवा किल्ली घालू नका. सपाट तळवे, गुडघ्याला गुडघा लागणं, अंडकोषाजवळच्या शिरा फुगणं, हायड्रोसील, रंग ओळखता न येणं, किडलेले दात ही तपासणीत निघणारी नेहमीची कारणं. गजकर्ण जांघेत लपवून जाऊ नका. त्यावर मेडिकलवाल्याकडून स्टिरॉइडचं मलम आणून चोळलं की खाज थांबते, पण बुरशी आतून पसरत राहते. त्वचेच्या डॉक्टरांकडून पूर्ण कोर्स घेतला तर जाण्याआधी कातडी साफ होते.

आपल्याकडून प्रवास लांबचा आहे. मुंबई-भुवनेश्वर कोणार्क एक्सप्रेस पुणे आणि सोलापूरवरून जाते. केंद्राजवळचं सोयीचं स्टेशन बालुगाव. पुण्याहून दीड दिवसाच्या आसपास लागतो, म्हणून पोचण्याची तारीख धरून एक दिवस हाताशी ठेवूनच तिकीट काढा.

दिवस कसा जातो

उजाडायच्या आधी उठणं. दाढी, अंथरूण लावणं, बाहेर रांगेत उभं राहणं. मग पीटी किंवा धावणं, अंघोळ, नाश्ता, सकाळी ध्वज चढणं, ड्रिल, वर्ग, जेवण, पुन्हा वर्ग किंवा पोहणं, संध्याकाळी खेळ, अंधार पडल्यावर हजेरी, राहण्याच्या जागेची पाहणी आणि दिवे बंद. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, यात अवघड काय? अवघड आहे ते दोन कामांच्या मधलं अंतर. पीटीच्या घामट कपड्यातून अंघोळ करून कडक इस्त्रीच्या गणवेशात रांगेत पोचायला मोजकी मिनिटं असतात, आणि तेवढ्याच नळांवर सगळी तुकडी उभी असते. ज्याचे मोजे कालच जागेवर ठेवलेले असतात तो वेळेत पोचतो. एक जण उशिरा आला की ताप सगळ्या तुकडीला होतो.

याची सवय घरी लागते. निघायच्या आधी महिनाभर स्वतःचे कपडे स्वतः धुवा, वाळवा, इस्त्री करा. दाढी रोज, आरशाशिवाय करता आली तर उत्तम. जेवण ताट वाढल्यापासून पंधरा मिनिटांत संपवायला शिका. शर्टाचं बटण आणि फाटलेली शिवण सुईदोऱ्याने नीट करता आली पाहिजे. आईने हे सगळं आजवर केलं असेल, तर या महिन्यात तिने हात लावायचा नाही, एवढं घरात ठरवून टाका.

‘किट मस्टर’ हा शब्द तिथे गेल्यावर विसरता येत नाही. मिळालेली प्रत्येक वस्तू, अगदी मोज्याच्या जोडीपर्यंत, ठरलेल्या क्रमाने आणि एकाच मापाची घडी घालून मांडायची. प्रत्येकावर नाव-नंबर. हरवलेली वस्तू त्या दिवशी सापडत नाही. त्यामुळे वाळत घातलेले कपडे अंधार पडायच्या आत उचलणं हे तिथलं शहाणपण.

पाय

ड्रिलमध्ये काँक्रीटच्या मैदानावर टाच आपटावी लागते, नव्या कडक बुटांत, रोज, कित्येक तास. आपल्याकडची पोरं पळतात मातीवर, बरीच अनवाणी किंवा हलक्या बुटांत. त्यामुळे दम भरपूर असतो, पण नडगीच्या हाडाला तो आदळ नवा असतो. हाड ताणाला सरावतं, पण स्नायूंपेक्षा फार हळू. स्नायू दोन आठवड्यांत तयार होतो, माणसाला वाटतं आता जोर वाढवायला हरकत नाही, आणि हाड तोवर मागेच राहिलेलं असतं. नडगी दुखू लागते ती या फरकातून.

दुखणं कसलं आहे ते ओळखायला शिका. नडगीच्या आतल्या कडेला वीतभर लांबीत ठणका असेल आणि थोडं चालल्यावर कमी होत असेल, तर स्नायू-आवरणाची सूज समजायची. विश्रांती आणि बर्फाने ती उतरते. पण एकाच बोटाएवढ्या जागी दाबल्यावर कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, एका पायावर उडी मारता येत नसेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. हे लपवायचं नाही. लपवून पळत राहिलेल्याची चीर वाढून हाड मोडतं. मग काही आठवड्यांची विश्रांती पुरत नाही, माणूस पुढच्या तुकडीत ढकलला जातो. लवकर सांगितलं तर तिथल्या आयएनएचएस निवारिणी या नौदलाच्या रुग्णालयात बघतात.

तयारी सोपी आहे, फक्त वेळेवर सुरू करा. निघायच्या आठ आठवडे आधीपासून आठवड्याचं एकूण अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका. आठवड्यात एक दिवस अजिबात पळू नका. कडक कातडी बूट घेऊन रोज तासभर घालून चाला, आधी पातळ मोज्यावर आणि मग जाड मोज्यावर, म्हणजे टाचेची कातडी घट्ट होते. टाच लाल व्हायला लागली की त्याच वेळी पट्टी लावायची, फोड आल्यावर नाही. फोड आलाच तर वरची कातडी ओढून काढू नका. ती खालच्या ओल्या कातडीला झाकण असते.

ड्रिलमधली नेहमीची चूक म्हणजे एकाच बाजूचा हात आणि पाय बरोबर पुढे जाणं. चालताना हे कधी होत नाही, पण लक्ष हातावर गेलं की होतं. घरी अंगणात हळू, मोजून, उजव्या पायाला डावा हात असं शंभर पावलं रोज चाला. नौदलाच्या सॅल्यूटमध्ये तळवा खाली झुकलेला असतो, लष्करासारखा समोर उघडा नसतो. शाळेत एनसीसीत लष्करी सॅल्यूट शिकलेल्यांचा हात जुन्या सवयीने उघडतो.

पाणी

इथे मात्र नीट वाचा. नौदलात पोहता येणं सक्तीचं आहे आणि ते चिल्कातच तपासलं जातं. न येणाऱ्यांना शिकवतात, जादा तास घेतात, त्यामुळे भीती घालत नाही. पण जादा तास बाकीच्यांच्या विश्रांतीच्या वेळात होतात, आणि तीच विश्रांती पायाला हवी असते. आधी शिकून गेलेल्याची ती वेळ वाचते.

कृष्णाकाठच्या पोरांना वाटतं, आपल्याला पोहता येतं. येतं, पण कसं? डोकं वर, मान ताठ, हात जोरात. काठापासून काठापर्यंत असं जाता येतं, पण पन्नास मीटरच्या पुढे मान आणि खांदे भरून येतात. डोकं वर काढलं की पाय खाली जातात, अंग पाण्यात तिरपं होतं आणि ढकलायचं पाणी वाढतं. तोंड पाण्यात ठेवून, श्वास पाण्यातच नाका-तोंडाने सोडायचा आणि मान फक्त बाजूला वळवून पुन्हा घ्यायचा. बहुतेकांचं चुकतं ते सोडण्यात: आत जागाच रिकामी झालेली नसते, मग घेतलेला श्वास अपुरा पडतो आणि माणूस घाबरतो. घरी घमेल्यात पाणी घेऊन तोंड बुडवून दहा मोजेपर्यंत बुडबुडे सोडायची सवय करा.

दुसरी गोष्ट तरंगणं. जहाजावरून पडलेल्याला पळापळ करून काहीच मिळत नाही, मदत येईपर्यंत वर राहणं हेच काम असतं. छातीत भरपूर हवा ठेवा, कान पाण्यात जाऊ द्या, नजर आभाळाकडे, हात पसरलेले. घाबरून हात पाण्याबाहेर काढले की तेवढं वजन वाढतं आणि अंग खाली जातं. उभं पोहणंही शिका: मांड्या बाहेर, पायांनी सायकलसारखं, हात पोटासमोर आडवे.

तिसरी उंचावरून उडी. इथे सूर मारायचा नाही आणि मुटकाही नाही. सरळ उभं, एका हाताने नाक धरलेलं, दुसरा हात छातीवर आडवा, पाय जुळवलेले, आणि नजर समोर. पाण्याकडे बघितलं की डोकं पुढे झुकतं, डोक्यामागे धड झुकतं आणि छाती-तोंड पाण्यावर सपाट आपटतं. वर उभं राहून जितका वेळ खाली बघाल तितकी उडी अवघड होत जाते. पाऊल टाकायचं, ढकलून उडी घ्यायची नाही.

शिकायला नगरपालिकेचा किंवा खासगी जलतरण तलाव गाठा, जिथे जीवरक्षक असतो. पावसाळ्यात कृष्णा, कोयना, वारणेत उतरू नका. औदुंबर-भिलवडीपासून सांगलीपर्यंत कृष्णेत मगरी आहेत, हे काठच्या माणसांना सांगायला नको, पण भरतीच्या घाईत पोरं विसरतात.

दोर

बोलाइन नावाची गाठ सगळ्यांनाच बांधावी लागते, आणि ती परीक्षेतही येते. आपल्याकडे सुरगाठ म्हणजे ओढल्यावर सुटणारी, आणि निरगाठ म्हणजे न सुटणारी. बोलाइन दोन्हीच्या मधली: ताण असेपर्यंत फासा आवळतही नाही आणि सुटतही नाही, ताण गेला की बोटाने मोकळी होते. म्हणून बुडणाऱ्या माणसाच्या अंगाभोवती ती चालते, साधा फास चालत नाही.

दोराचा लांब भाग डाव्या हातात, टोक उजव्या. टोकापासून हातभर अंतरावर एक छोटं कडं पाडा, त्यात टोकाकडचा दोर लांब भागाच्या वरून गेला पाहिजे. आता टोक त्या कड्यातून खालून वर काढा, लांब दोराच्या मागून फिरवा आणि त्याच कड्यातून पुन्हा खाली घाला. टोक आणि फाशाची बाजू एका मुठीत, लांब दोर दुसऱ्या मुठीत, आणि ओढा. चूक जवळजवळ नेहमी कडं पाडतानाच होते: टोकाकडचा दोर खालून गेला की गाठ दिसते तशीच, पण झटका दिला की सरकून उलगडते. म्हणून प्रत्येक वेळी झटका देऊन बघायची सवय ठेवा. गोठ्यातल्या दाव्यावर रोज वीस वेळा सराव करा, शेवटच्या पाच वेळा डोळे मिटून. रीफ नॉट, क्लोव्ह हिच आणि शीट बेंडही असतात, पण ही एक आली की बाकीच्यांना वेळ लागत नाही.

घाम आणि कातडी

साताऱ्याच्या हवेत घाम येतो आणि वाळतो. वाळताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो, म्हणून आपण टिकतो. चिल्काच्या हवेत बाष्प इतकं असतं की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. पाणी आणि मीठ जातं, उष्णता मात्र आत राहते. शरीर या हवेला दहा ते चौदा दिवसांत सरावतं. तोवर तहान लागायची वाट न बघता पाणी प्या. लघवीचा रंग फिकट पिवळा असला की ठीक, गडद झाला की कमी पडतंय. जेवणातलं मीठ-डाळ सोडू नका. चक्कर, मळमळ, अंगावर काटा, डोकं जड, यातलं काही झालं तर रांगेत असलात तरी तिथेच सांगायचं. बेशुद्ध होऊन पडण्यात मर्दानगी नाही.

याच ओलाव्यामुळे जांघेत आणि बोटांच्या बेचक्यात बुरशी होते. अंघोळीनंतर बेचक्या कोरड्या पुसा, अंतर्वस्त्र दिवसातून दोनदा बदला, आणि ओलसर मोजा पायात घालू नका, दुसरा जोड नसेल तरी.

गोळीबार, होडी वल्हवणं, शिडाची होडी, अडथळे, आग विझवण्याची तोंडओळख हेही असतं. रायफलमध्ये नेम चुकण्याचं कारण हात हलणं कमी, ट्रिगर झटक्याने ओढणं जास्त. सगळं हिंदी आणि थोड्या इंग्रजीतून चालतं. मराठी माध्यमाच्या पोरांना समजतं, पण उत्तर देताना मराठीच तोंडात येतं. रोज दहा मिनिटं हिंदीतून मोठ्याने बोलायचा सराव पुरतो.

मोबाईल पूर्ण वेळ हातात नसतो. ठरलेल्या वेळी बोलणं होतं, तेही थोडं. त्या पाच मिनिटांत घरातली भांडणं, पीककर्जाचा हप्ता, म्हैस आजारी असल्याचं सांगू नका. त्याला तिथून काहीच करता येत नाही आणि दुसऱ्या दिवशी पोहायच्या तलावात उतरताना तेच डोक्यात असतं.

पगाराचंही आधी समजून घ्या. पहिल्या वर्षी महिना ३०,००० ठरलेले असले तरी हातात २१,००० येतात. ३० टक्के सेवा निधीत जातात, सरकार तेवढीच भर घालतं, आणि चार वर्षांनी सुमारे १० लाख ४ हजार अधिक व्याज मिळतं. पेन्शन नाही. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांना नियमित सेवेत घेतलं जातं, म्हणून घरच्यांनी त्याच्या नावावर लगेच बंगल्याचं कर्ज काढू नये. आणि ‘चिल्कात आपली ओळख आहे, मेडिकल करून देतो’ म्हणणारा भेटला तर त्याला पैसे देऊ नका. तिथे ओळखीने कानाचा पडदा बरा होत नाही.

सोळा आठवड्यांनंतर ज्याच्या त्याच्या शाखेप्रमाणे पुढचं प्रशिक्षण: इंजिनाची शाखा मिळाली तर लोणावळ्याचं आयएनएस शिवाजी, विजेची मिळाली तर जामनगरचं आयएनएस वालसुरा, तोफखान्याची मिळाली तर कोचीचं आयएनएस द्रोणाचार्य, आचारी आणि स्टुअर्डसाठी मालाडचं आयएनएस हमला. लोणावळा मिळालं की घर चार-पाच तासांवर येतं.

दीक्षान्त संचलनाला आई-वडिलांना बोलावतात. येणाऱ्यांची नावं मुलानेच तिथे आधी द्यायची असतात, म्हणून कोण जाणार ते घरात लवकर ठरवा, प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र सोबत घ्या, आणि रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हाच जातानाची आणि परतीची, दोन्ही तिकिटं काढून ठेवा.